याला पान कुठंय?

चीनच्या युन्नान प्रांतातल्या जिंगमाय डोंगराची चढण सुरू होते तिथे एक नाका आहे. रस्त्यावर आडवा दांडा, बाजूला टपरीएवढी खोली, खोलीत दोन पोरगेलेसे गडी आणि एक कुत्रं. आपल्याकडच्या वनखात्याच्या नाक्यांची सवय, त्यामुळे मला वाटलं, जंगलातून काय बाहेर नेताय ते तपासत असणार. पण खाली उतरणाऱ्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नव्हते. थांबवत होते ते वर जाणाऱ्यांना. डिकी उघडा, पोतं सोडा, त्या खोक्यात काय आहे दाखवा. भाचीनं विचारलं तेव्हा कळलं की शोध चहाचा चाललाय. बाहेरचा चहा, मग ओला पाला असो की वाळवलेला, या डोंगरावर न्यायचा नाही. चहाच्या डोंगरावर चहा न्यायला बंदी! आणि माझ्या पिशवीत, सांगायलाच नको, मेतकूट आणि लसणीच्या चटणीशेजारी अर्धा किलो चहा होता. पुण्याहून आणलेला, रोजचा, काळा, बारीक दाण्यांचा. मी निमूटपणे पुडा काढून दिला. त्या पोरानं रबर सोडलं, वास घेतला, चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं पसरून पाहिला. दुसऱ्याला हाक मारली. त्यानंही पाहिला. मग दोघं हसले, पुडा नीट बंद करून परत दिला आणि दांडा वर केला. ‘काय म्हणाला गं?’ मी विचारलं. भाची जरा घुटमळली. ‘मावशी, तो म्हणाला, न्या खुशाल. याला पान कुठंय? याची भेसळ कोण करणार!’

मला राग यायला हवा होता की हसू, हे अजून ठरलेलं नाही.

भाची कुनमिंगला डॉक्टरी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं जातात तशी गेली, आणि तिथली भाषा इतकी छान उचलली की भाजीवालीशी घासाघीस करताना ती तिकडचीच वाटते. वसंतातल्या सुट्टीत मला म्हणाली, पु-एरचा चहा, म्हणजे दाबून वड्या करून वर्षानुवर्षं मुरवतात तो, जिथे होतो तिथे जाऊ. कुनमिंगहून रेल्वे आहे. तीच पुढे लाओसपर्यंत जाते. पु-एर स्टेशनला उतरून गाडी केली आणि वळणावळणांनी लानत्सांग तालुक्यात शिरलो. म्यानमारची हद्द इथून फार लांब नाही. उंची म्हणाल तर महाबळेश्वरच्या आसपासची, पण हवा वेगळी. दमट, गार आणि सकाळी धुक्यानं इतकी भरलेली की दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत ओलेच. नाका ओलांडला की डांबरी रस्ता संपतो आणि दगड बसवलेला रस्ता सुरू होतो. गाडी अंग घुसळून काढते. दगड मुद्दाम ठेवलेत म्हणे, गाड्यांनी वेगात जाऊ नये म्हणून. माझ्या कमरेचं मत कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही उतरलो ते वंगजी गावात. हे बुलांग लोकांचं गाव. लाकडी घरं खांबांवर उचललेली, खाली लाकूडफाटा आणि कोंबड्या, वर माणसं. कौलारू छपराच्या टोकाला एक लाकडी नक्षी असते: मध्ये कोंब आणि दोन बाजूंना दोन पानं. चहा खुडताना बोटांत येतो तोच तुकडा. पलीकडच्या दाई जमातीच्या गावात त्याच जागी बैलाची शिंगं दिसतात. घरात एक आजी, तिचा मुलगा आणि सून. आजी बुलांग बोलायची, सून तिचं चिनीत सांगायची, भाची ते मराठीत आणायची. एवढ्या तीन उंबरठ्यांवरून येताना वाक्यं झिजून लहान होत. आजीनं पाच मिनिटं हातवारे करून काही सांगावं आणि माझ्यापर्यंत ‘पाऊस कमी झाला’ एवढंच पोचावं, असं फार वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी झाडं बघायला गेलो, आणि खरं सांगते, माझी निराशा झाली. शेकडो वर्षांची झाडं म्हटल्यावर मी मनात वड-पिंपळ धरून चालले होते. प्रत्यक्षात चहाचं जुनं झाड म्हणजे मांडीएवढ्या जाडीचं वाकडंतिकडं खोड, त्यावर राखाडी-हिरव्या शेवाळाची साल, फांद्या कशाही सुटलेल्या, आणि कुठे कुठे ऑर्किड चिकटलेलं. सून दाखवेपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. बाग म्हणावी अशी बाग नव्हतीच. ओळी नाहीत, बांध नाहीत. डोक्यावर मोठाली रानझाडं, मध्ये चहा, पायाशी वीत-दीड वीत गवत, नेचे, औषधी पाला. तिथले लोक चहाची लागवड करायचे तेव्हा जंगल साफ करत नसत. मोठी झाडं राखून त्यांच्या सावलीत चहा लावत. पडलेला पाचोळा हेच खत, कोळी आणि पक्षी हीच फवारणी. दोन बागांच्या मध्ये जंगलाचा पट्टा तसाच सोडलेला, म्हणजे कीड आणि वारा एका बागेतून दुसरीत सहज जात नाही. सावलीमुळे पान सावकाश वाढतं. काही फांद्यांवर एक बांडगूळ असतं, सांधे असलेलं, खेकड्याच्या पायांसारखं दिसणारं, आणि त्याला नावही तेच. सून ते हळूच तोडून खिशात टाकत होती. चहाहून महाग विकलं जातं, असं तिनं डोळे मिचकावत सांगितलं.

प्रत्येक बागेत एक झाड वेगळं असतं. पूर्वजानं त्या तुकड्यात सगळ्यात आधी लावलेलं झाड. चहाचा जीव त्यात राहतो असं मानतात. त्याच्या बुंध्याशी लाकडी खुंट रोवलेले, मेणबत्त्यांचे ओघळ, वाळलेली फुलं. वसंतातली खुडणी याच झाडापासून सुरू होते, आणि सुरू करण्याआधी त्याला सांगायचं असतं. पा आयलंग हा बुलांगांचा मूळ पुरुष. त्याची गोष्ट इथे लहान पोरालाही पाठ आहे. मरताना त्याला प्रश्न पडला की पोरांसाठी मागे काय ठेवावं. गुरंढोरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनंनाणं ठेवलं तर खर्चून जाईल. म्हणून त्यानं चहाची झाडं ठेवली. दर एप्रिलमध्ये त्याच्या नावानं सण होतो. ही गोष्ट मी कुनमिंगच्या दुकानातल्या माहितीपत्रकावर आधी वाचली होती आणि ‘छान बनवलीय’ असं म्हणून सोडून दिली होती. आजीच्या तोंडून ऐकताना लक्षात आलं की तिला त्यात काही गोड वाटत नाही. ती हिशेब सांगावा तशी सांगते. गुरं मेली, तिनं पाहिलंय. पैसा गेला, तेही पाहिलंय.

तिनं जे पाहिलंय त्यात या झाडांना कोणी विचारत नव्हतं असाही मोठा काळ आहे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकानंतर सरकारला हवं होतं उत्पादन. डोंगरउतार कापून पायऱ्या केल्या, त्यावर गुडघा-कमरेएवढी झुडपं दाट लावली, खतं आली, फवारणी आली. एकरी माल किती, हाच प्रश्न. जंगलातल्या झाडावर चढून पान खुडायचं, दिवसभरात टोपलीही भरायची नाही, भाव तोच; कोण जाईल? काही डोंगरांवर जुनी झाडं बुंध्याशी छाटली, नवे धुमारे फुटून जास्त पाला मिळावा म्हणून. इथली वाचली ती बरीचशी आडबाजूला असल्यामुळे. श्रद्धेनं वाचली असं सगळे लिहितात, आणि ते खोटं नाही, पण नुसत्या श्रद्धेला इतकं श्रेय द्यायला माझं मन धजत नाही. रस्ता नव्हता, हेही तितकंच खरं आहे.

मग वारं फिरलं. हाँगकाँग-तैवानच्या शौकिनांनी जुन्या झाडाचा, मुरलेला चहा शोधायला सुरुवात केली. २००७ साली या शहराचं ‘सिमाओ’ हे नाव बदलून ‘पु-एर’ ठेवलं, चहाच्या नावावरून, आणि गंमत अशी की त्याच वर्षी पु-एरचा फुगलेला बाजार धाडकन कोसळला. लोकांनी शेअर घ्यावेत तशा वड्या घेऊन ठेवल्या होत्या. पण जुन्या झाडांचा भाव पुढे पुन्हा चढला, तो चढतच राहिला. बुलांग डोंगरावरच्या लाओबानजांग या हानी जमातीच्या गावाचा चहा या शतकाच्या सुरुवातीला किलोला मोजक्या युआनला जात होता, तो काही हजारांवर गेला. त्या एवढ्याशा गावात बँकेची शाखा निघाली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. खालच्या पायऱ्यांवरचा पाला रात्री वर चढू लागला, सकाळी ‘जुन्या झाडाचा’ होऊन खाली उतरू लागला.

देवगडच्या खोक्यात कर्नाटकचा आंबा भरला जातो, ते आपण सगळे जाणतो. खोकं तेच, पेंढा तोच, वरच्या थरात चार अस्सल. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मार्केट यार्डात उभं राहून आंबा हातात घेतल्यावर शेवटी भरवसा ठेवायचा तो नेहमीच्या माणसावरच. म्हणून मला तो नाका पटला. बाहेरच्या चोराला अडवण्यापेक्षा आपल्याच शेजाऱ्याला अडवणं अवघड असतं, आणि तो दांडा मुख्यतः गावकऱ्यांसाठीच आहे. आपल्या नावावर दुसऱ्याचा पाला खपवलास तर नाव सगळ्या डोंगराचं जाईल, हे त्यांनी पैशाच्या भाषेत समजून घेतलंय. कोकणातल्या एखाद्या गावानं आपल्या वेशीवर असा दांडा लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण त्या पोराचं वाक्य मला लागलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं आपला चहा आणि यांचा चहा एकाच जातीचे. मोठ्या पानाचा, आसामिका. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामात तिथल्या सिंगफो जमातीच्या लोकांनी जो चहा दाखवला, तीही अशीच जंगलातली झाडं होती, आणि सिंगफो आपला चहा बांबूच्या नळीत ठासून चुलीवर धुरवत आले. १८३९ला आसामचा पहिला चहा लंडनमध्ये लिलावाला गेला. पुढे झाडाची बाग झाली, बागेचा मळा झाला, झाड कमरेएवढं कापून ठेवलं, कारण मजूर बाईचा हात तिथवरच पोचतो. १९३०च्या दशकात आसामात एक यंत्र निघालं. पान चिरडायचं, फाडायचं, गुंडाळायचं. बाहेर येतात ते काळे दाणे. तो आपला चहा. पटकन रंग सोडतो, दुधाला पुरून उरतो, आल्यापुढे हार मानत नाही, आणि स्वस्त. तो नसता तर एसटी स्टँडवर पहाटे चारला कोणाच्या हातात काही गरम पडलं नसतं. मी त्याच्या विरोधात एक अक्षर बोलणार नाही. पण पन्नाशी उलटेपर्यंत दिवसातून तीनदा चहा पिऊन मी चहाचं पान कधी पाहिलं नव्हतं, हे त्या पोरानं मला दांड्यापाशी उभं करून सांगितलं. आपण चहाला विचारतो ते एकच: कडक आहे ना?

एक धागा मात्र मला जाम आवडला. तिबेटला युन्नानचा चहा लागायचाच. खेचरांच्या तांड्यांवरून तो शतकानुशतकं डोंगर ओलांडत ल्हासाला जायचा. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात युन्नानमधल्याच मंगहायचा चहा उलट्या वाटेनंही जाऊ लागला: ब्रह्मदेशात उतरायचा, रंगूनहून बोटीनं कलकत्ता, तिथून कालिंपाँग, आणि मग पुन्हा खेचरावर बसून ल्हासा. म्हणजे आपल्या मळ्यांच्या बगलेतून हा पानांचा चहा मुकाट निघून जात होता, आणि आपल्याला त्याचा वासही लागला नाही.

संध्याकाळी खुडलेला पाला घरी येतो. बांबूच्या सुपांवर पसरून ठेवतात, तो जरा मलूल होतो. मग चुलीवरची तिरकी बसवलेली मोठी लोखंडी कढई. मुलगा जाड हातमोजे घालून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पाला उचलून उधळायला लागला. आधी कच्च्या गवताचा वास, मग उकडलेल्या पालेभाजीचा, मग अचानक काहीतरी फुलासारखं. नेमका तोच क्षण पकडायचा. जास्त तापवला तर पानातलं जे पुढे वर्षानुवर्षं मुरायचं ते मरतं, कमी तापवला तर लाल पडतो. कढईतून काढलेला पाला आजीनं सुपात घेतला आणि तळव्यांनी वळायला लागली. तिच्या बोटांच्या पेरांत चहाचा डाग असा बसलाय की तो आता धुऊन जाणार नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात. ऊन नसेल तर सगळं बिघडलं, म्हणून छतावर पारदर्शक पत्र्याची खोली बांधलेली असते. चार-सव्वाचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो सुका होतो. पुढे त्याची वडी करतात: ३५७ ग्रॅम तोलून पत्र्याच्या डब्यात, वाफ द्यायची, कापडी पिशवीत ओतून पिशवीचं तोंड पिळून गाठ मारायची आणि वर दगडी ठोकळा ठेवून त्यावर उभं राहायचं. वडीच्या पाठीला जो खळगा असतो तो त्या गाठीचा. सात वड्या बांबूच्या सालीत बांधल्या की अडीच किलोला एक ग्रॅम कमी भरतो.

सुक्या चहातून मोठी, पिवळी पडलेली पानं निवडून बाजूला काढतात. दिसायला बरी नाहीत म्हणून ती विकत नाहीत. घरात प्यायचा चहा तोच. आजी मातीच्या लहान भांड्यात तो विस्तवावर भाजायची, भांडं हलवत हलवत, आणि मग त्यात उकळतं पाणी ओतायची. चर्रर्र आवाज, धूर, आणि करपलेल्या गोड कडेचा वास. विकायचा, निवडक, कोंबांचा चहाही त्यांनी मला पाजला. पहिला घोट कडू, जिभेच्या मागच्या बाजूला धरून बसणारा. मी चेहरा सरळ ठेवला. थोड्या वेळानं घसा ओलावला आणि त्यावर साधं पाणी प्यायले तर तेच गोड लागलं. चौथ्या-पाचव्या पाण्यानंतर वास कपात नव्हता, रिकाम्या कपाच्या तळाशी होता. हे सगळं खरं असूनही मला घरचा भाजका, पिवळ्या पानांचाच जास्त आवडला, आणि सुनेला हे सांगितल्यावर ती म्हणाली, आम्हालाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये रियाधच्या बैठकीत जिंगमायची ही चहाची जंगलं आणि गावं जागतिक वारशाच्या यादीत गेली. चहासाठी यादीत गेलेली ही जगातली पहिली जागा. गावात पाटी आहे, स्वच्छतागृहं चकचकीत आहेत, आणि मुलाला घर वाढवायचंय पण सिमेंट वापरता येत नाही. लाकूडच हवं, छप्पर तसंच हवं. त्याची कुरकुर रास्त आहे. पायऱ्यांवरची दाट झुडपं आता विरळ करून मध्ये सावलीची झाडं लावलीत, हेही सरकारनंच केलं, ज्या सरकारनं पूर्वी ती दाट लावायला सांगितली होती. आजीला यात काही नवल वाटत नाही.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी घरात भांडण झालं. ग्वांगजौहून आलेला एक व्यापारी दोन दिवस गावात होता. अलीकडे एका झाडाचा चहा वेगळा विकण्याची चाल आहे. झाडाचा फोटो, पानाचा फोटो, खुडणारीचा फोटो. त्याला हवा होता बागेतल्या त्या मूळ झाडाचा पाला, वेगळा. भाव नेहमीच्या कितीतरी पट. मुलानं सकाळी जाऊन खुडून आणला होता, आधी झाडाला सांगून, रीतीप्रमाणे. सुपात वेगळा पसरून ठेवला होता, जेमतेम दोन ओंजळी होईल एवढा. आजी न्याहारी करून आली, सुपाकडे पाहिलं, काही न बोलता ते उचललं आणि शेजारच्या मोठ्या ढिगावर पालथं केलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत घालून सगळा ढीग खालीवर केला. मुलगा ओरडला. ती बुलांगमध्ये काहीतरी म्हणाली, जे सुनेनं पुढे पोचवलं नाही. व्यापारी फोन घेऊन दारातच उभा होता. त्यानं नेहमीच्या भावानं सगळा ढीग घ्यायची तयारी दाखवली आणि मुलगा पाय आपटत मागच्या अंगणात निघून गेला.

सून मात्र शांत होती. कढई पुसता पुसता भाचीला म्हणाली, उलट बरंच झालं की. त्या झाडाची पानं आता सगळ्याच मालात आहेत, तेव्हा सगळ्या पुड्यांवर तसं लिहायला हरकत नाही. आणि तिनं व्यापाऱ्याला भाव वाढवून सांगितला.